खुराड्यातील चोर

खेड्यातील संसारात कोंबडीला कोणी फारसा मान देत नाही. बैलाला पोळ्याच्या दिवशी झूल चढते, गाईच्या कपाळी हळदकुंकू लागते. कोंबडी मात्र पहाटे खुराड्यातून सुटते, दिवसभर उकिरडा उकरून आपले पोट आपण भरते आणि तिन्हीसांजेला कोणी हाक न मारता परत येते. तिच्यावर खर्च तो किती? चार मुठी कण्या आणि परळातले पाणी! परंतु आठवड्याच्या बाजारातून मीठमिरची आणावयाची असते, मुलाला वही हवी असते, त्या वेळी गृहिणीच्या हाताशी जो पैसा असतो, तो पुष्कळदा अंड्यांचाच असतो. घरातल्या लहानग्याच्या ताटात अंडे पडते, तेही या मुक्या प्राण्याच्याच कृपेने.

अशी ही कोंबडी एके दिवशी विद्रूप दिसू लागते. तिची पाठ उघडी पडते, मान बोडकी होते, अंगणात पिसे उडू लागतात आणि अंडी थांबतात. मग घरात एकच धांदल उडते. कोणी म्हणतो, "ही आता जगत नाही, येत्या बाजारी विकून टाका." कोणी शेतातील औषधाची उरलेली बाटली घेऊन येतो. कोणी तिच्या अंगाला रॉकेल चोळतो. यांपैकी कोणीही एक साधी गोष्ट करीत नाही. कोंबडीला जवळ घेऊन, पिसे बाजूला सारून, तिला नेमके काय झाले आहे हे कोणी पाहत नाही!

मुलांनो, पिसे गळणे हा काही एक रोग नाही. ती केवळ खूण आहे. ताप आला म्हणजे वैद्य प्रथम तापाचे कारण शोधतो. तसेच येथेही कारण शोधावे लागते. ते कारण कधी अगदी निर्धोक असते, तर कधी ते कोंबडीचे रक्त रात्रंदिवस आटवीत असते. हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले, म्हणजे अर्धे काम झाले.

प्रथम निर्धोक कारणे पाहू. साप कात टाकतो, तशी कोंबडी पिसे टाकते. पीस म्हणजे काही जिवंत अवयव नव्हे. आपल्या नखांप्रमाणे आणि केसांप्रमाणे तेही केराटीन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते. ऊनपाऊस सोसून, काट्याकुट्यांत अडकून, धुळीत लोळून ते झिजते. झिजलेल्या पिसांनी थंडीपासून रक्षण होत नाही. म्हणून वर्षाची झालेली कोंबडी, बहुधा दिवस लहान होऊ लागल्यावर, जुनी पिसे टाकून नवी धारण करते. ही पिसे गळण्याची रीतही ठरलेली असते. आधी डोके आणि मान, मग छाती व पाठ, त्यानंतर पंख आणि शेपटी असा तिचा क्रम असतो. सगळा नवा पोशाख अंगावर चढण्यास साधारणतः दोन ते तीन महिने लागतात.

या काळात अंडी थांबतात, याचे नवल वाटावयास नको. पिसाचा बहुतेक सर्व भाग प्रथिनाचा, आणि अंड्यालाही प्रथिनच लागते. एका खिशातून दोन खर्च एकाच वेळी झेपत नाहीत. म्हणून कोंबडी अंड्याचा खर्च काही दिवस थांबविते. अशा वेळी तिला औषधाची गरज नसून चांगल्या आहाराची गरज असते. शेंगदाण्याची पेंड, वारुळातील वाळवी, समुद्रकाठच्या गावांत सुक्या मासळीची भुकटी, यांतले जे हाताशी असेल ते तिला थोडे थोडे द्यावे. पेंडीला बुरशी आलेली असेल तर मात्र ती मुळीच देऊ नये. बुरशीचे विष कोंबडीस फार बाधते. पिसे गळणाऱ्या कोंबडीची त्वचा स्वच्छ असते आणि उघड्या जागी बारीक काट्यांसारखे नव्या पिसांचे कोंब दिसतात. असे कोंब दिसले, की काळजीचे कारण नाही असे समजावे. हे कोंब रक्ताने भरलेले असून फार हुळहुळे असतात, म्हणून त्या दिवसांत कोंबडीला वारंवार हाताळू नये.

आणखीही काही कारणे आहेत. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी आपल्या छातीची पिसे उपटते. त्यामुळे तिच्या अंगाची ऊब अंड्यांना थेट मिळते. कळपात कोंबडे अधिक असले, तर त्यांच्या नखांनी कोंबड्यांच्या पाठीवरील पिसे मोडतात. मोडलेल्या पिसाचे खुंट अंगात राहिले, तर पुढील पिसे गळण्याच्या काळापर्यंत तेथे नवे पीस येत नाही. अपुऱ्या जागेत पुष्कळ कोंबड्या कोंडल्या अथवा आहारात प्रथिन कमी पडले, तर त्या एकमेकींची पिसे टोचून काढतात. येथे जागा वाढविणे आणि आहार सुधारणे हाच उपाय होय. काही कोंबड्यांची मान तर जन्मतःच उघडी असते. तो त्यांच्या वंशाचा विशेष आहे. तिच्यावर इलाज करीत बसणे म्हणजे टकल्या माणसाच्या डोक्यात कोंडा शोधण्यासारखे होईल!

आता दुसऱ्या प्रकारच्या कारणांकडे वळू. कोंबडीच्या अंगावर आणि तिच्या घरात राहून तिच्यावर उपजीविका करणारे बारीक जीव पुष्कळ आहेत. त्यांना परजीवी म्हणतात. बोलताना लोक या सगळ्यांना सरसकट पिसवा म्हणून मोकळे होतात. परंतु त्यांच्या जाती वेगळ्या, राहण्याच्या जागा वेगळ्या आणि म्हणून त्यांच्यावरील उपायही वेगळे.

उवांचे पाहा. कोंबडीची ऊ पिवळसर रंगाची आणि सहा पायांची असते. तिचा सारा जन्म कोंबडीच्या अंगावरच जातो. कोंबडीला उचलून शेपटीखालची पिसे झटकन फाकली, तर उजेडापासून पळणाऱ्या उवा डोळ्यांना सहज दिसतात, आणि पिसांच्या बुडाशी त्यांच्या अंड्यांचे पांढुरके पुंजके चिकटलेले आढळतात. या उवा त्वचेचे पापुद्रे आणि पिसे कुरतडतात. बेजार झालेली कोंबडी मग चोचीने स्वतःचीच पिसे ओरबाडते.

दुसरे परजीवी म्हणजे कोळी. हा शब्द ऐकून जाळे विणणारा प्राणी तुमच्या डोळ्यांपुढे उभा राहील. हे जीव त्याच्याच गणगोतातले आहेत. पूर्ण वाढल्यावर त्यांना आठ पाय असतात, परंतु ते जाळे विणत नाहीत आणि आकाराने अतिशय लहान असतात. त्यांतील एक जात पिसाच्या मुळाशी त्वचेत बीळ करते. दुसरी पायांवरील खवल्यांखाली शिरते. मग खवले उचलले जातात, पाय खडबडीत, जाड व पांढुरके दिसू लागतात आणि दुर्लक्ष झाले तर कोंबडी लंगडू लागते. असे पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवावेत, मऊ झालेली खपली हलक्या हाताने पुसून घ्यावी आणि त्यावर खोबरेल चोपडावे. तेलाच्या थराखाली या जीवांचा श्वास कोंडतो. हा उपचार काही आठवडे चालू ठेवावा लागतो. घाई करून खवले ओढून काढले, तर मात्र जखम होते.

परंतु या सर्वांहून लबाड असा एक कोळी आहे, आणि या पाठाचे नाव त्याच्यावरूनच दिले आहे. त्याला तांबडा कोळी म्हणतात. शास्त्रज्ञ त्याला डर्मानिसस गॅलिनी या नावाने ओळखतात. स्वीडनमधील निसर्गशास्त्रज्ञ कार्ल दे गेअर यांनी १७७८ साली त्याचे वर्णन केले. आकाराने तो खसखशीच्या दाण्याएवढा. उपाशी असतो तेव्हा तो करड्या रंगाचा असतो. रक्त पिऊन टम्म फुगला, की तांबडा दिसू लागतो.

याची लबाडी कशात आहे? ऊ कोंबडीच्या अंगावर राहते, म्हणून ती सापडते. तांबडा कोळी दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडत नाही. तो खुराड्याच्या फळ्यांच्या फटीत, बसण्याच्या दांडीच्या टोकाशी, कुडाच्या सांध्यांत आणि अंडी घालण्याच्या पाटीच्या विणीत दडून बसतो. रात्र झाली, कोंबड्या दांडीवर डोळे मिटून बसल्या, की हे हजारो चोर फटींतून बाहेर पडतात, त्यांच्या अंगावर चढतात, रक्त पितात आणि पुन्हा फटीत परततात. सकाळी मालक कोंबडी हातात घेऊन पाहतो, तो तिच्या अंगावर काहीच नाही! घरधन्याने रोज दिवसाउजेडी तिजोरी तपासावी आणि चोराने रोज रात्री येऊन जावे, तसाच हा प्रकार होय.

त्याची वाढही झपाट्याने होते. रक्त पिऊन आलेली मादी फटीत अंडी घालते. दोन-तीन दिवसांत ती फुटतात, आणि उबदार हवेत सात ते दहा दिवसांत नवी पिढी रक्त पिण्यास सिद्ध होते. शिवाय हा जीव कमालीचा चिवट. खुराडे रिकामे ठेवले, तरी तो अन्नावाचून कित्येक महिने तग धरून राहू शकतो. म्हणून 'कोंबड्या विकल्या, आता पीडा गेली,' असे समजून त्याच खुराड्यात नव्या कोंबड्या आणणारा माणस फसतो.

या चोरीची खूण कोंबडीच्या चेहऱ्यावर उमटते. तिचा लालबुंद तुरा फिका पडतो, कारण तिच्या अंगातील रक्त कमी झालेले असते. ती मलूल होते, अंडी कमी घालते आणि वारंवार अंग खाजवून पिसे विस्कटून टाकते. तिन्हीसांजा झाल्या तरी ती खुराड्यात शिरावयास तयार होत नाही; झाडावर नाहीतर गोठ्याच्या आढ्यावर जाऊन बसते. मालकाला वाटते, कोंबडी द्वाड झाली. वास्तविक ती आपल्या परीने तक्रार सांगत असते. खुडूक कोंबडीचे हाल तर सर्वांत अधिक. एकवीस दिवस तिला एका जागी बसावयाचे असते. पाटीतील अंधारात हे कोळी तिला दिवसाही सोडीत नाहीत. मग एक तर ती अंडी टाकून उठते आणि आतली पिल्ले मरतात, किंवा ती तशीच बसून राहते आणि रक्तक्षयाने स्वतः मरते. लहान पिल्लांना तर हा मार मुळीच सोसत नाही.

चोर ओळखण्याची युक्ती सोपी आहे. रात्री कोंबड्या बसल्यावर तासाभराने बत्ती घेऊन खुराड्याशी जावे आणि पांढऱ्या कागदाचा तुकडा दांडीच्या खालच्या अंगावरून व टोकांवरून दाबून फिरवावा. कागदावर तांबडे डाग उमटले, तर ते चिरडलेल्या कोळ्यांच्या पोटातील रक्त, म्हणजेच तुमच्या कोंबडीचे रक्त असते. दिवसा पाहावयाचे असेल, तर फटींच्या तोंडाशी मीठ आणि मिऱ्याची पूड सांडल्यासारखी करडी भुकटी दिसते का ते पाहावे.

शत्रू घरात आहे हे एकदा कळले, म्हणजे उपायही घरावर केला पाहिजे. सकाळी कोंबड्या बाहेर सोडून खुराडे पूर्ण रिकामे करावे. जुने गवत व भुसा परसाच्या कडेला नेऊन जाळून टाकावा. दांड्या काढून उन्हात टाकाव्यात. फटी खरवडून त्यांत उकळते पाणी ओतावे. हे काम मोठ्या माणसांनीच करावे. खुराडे वाळल्यावर आतून बाहेरून चुन्याचा हात द्यावा आणि मोठ्या फटी शेणमातीने लिंपून बुजवाव्यात. चुना पूर्ण सुकल्याखेरीज कोंबड्यांना आत घेऊ नये. मात्र एकदा सफाई केली आणि हात झटकले, असे येथे चालत नाही. फटीत खोल राहिलेली अंडी पुढे फुटतात. म्हणून पाच-सात दिवसांच्या अंतराने हीच सफाई आणखी दोन-तीन वेळा केली पाहिजे. पुष्कळांचा उपाय फसतो तो येथेच.

कोंबडी स्वतःही आपल्या अंगाची काळजी घेत असते. ती कोरड्या मातीत खळगा करून लोळते, पंखांनी माती अंगावर उडविते आणि मग उठून सारे अंग झाडते. हे धुळीचे स्नान म्हणजे तिचा पोरखेळ नव्हे. मातीचे बारीक कण पिसांत शिरून जादा तेल शोषून घेतात आणि अंगावरील परजीवी कमी करतात. पावसाळ्यात अंगण चिखलाचे होते आणि बिचारीचे स्नान बंद पडते. म्हणून पडवीच्या कोपऱ्यात जुन्या पाटीत कोरडी माती आणि चाळलेली थंड राख घालून ठेवावी. आपल्याकडील जुनी माणसे उबवणीच्या पाटीत कडुनिंबाचा किंवा निरगुडीचा पाला घालीत आली आहेत. त्याने उपद्रवास थोडा आळा बसू शकतो. परंतु पाला घातला म्हणून सफाई टाळता येत नाही. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी, आणि खुराड्याच्या आढ्यात चिमण्या-पारव्यांना घरटी करू देऊ नयेत. कारण हे कोळी त्या पाखरांच्या अंगावरही पोसतात.

आता अत्यंत महत्त्वाची गोष्ट. हा चोर मारण्यासाठी मनाला येईल ते विष वापरू नये. २०१७ साली युरोपात काय घडले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नेदरलँड्समधील अनेक कुक्कुटपालन केंद्रांत तांबड्या कोळ्याचा नायनाट करण्यासाठी जे द्रव्य फवारले गेले, त्यात फिप्रोनिल नावाचे कीटकनाशक मिसळलेले होते. ज्यांचे मांस व अंडी माणूस खातो, अशा प्राण्यांवर ते वापरण्यास तेथे मनाई होती. त्याचे अंश अंड्यांत उतरले. त्याच वर्षी ही गोष्ट उघडकीस आली, आणि नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी या देशांत लक्षावधी अंडी बाजारातून परत घेऊन नष्ट करावी लागली. शिकलेल्या, सधन देशांत जे घडले, ते आपल्या परसात घडावयास कितीसा वेळ लागेल? पिकावरील औषधाची बाटली खुराड्यात रिकामी केली, तर कोळी मरतील न मरतील, पण ते विष अंड्यावाटे घरच्या मुलांच्या पोटात जाऊ शकेल. सफाईने भागत नसेल, तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे, कोंबडीला काय झाले आहे ते सांगावे, आणि औषध घेताना एक प्रश्न न विसरता विचारावा : "हे दिल्यावर किती दिवस अंडी खाऊ नयेत?"

मुलांनो, या साऱ्या उपायांत पैशाचे काम थोडे आहे. उकळते पाणी, चुना, राख आणि ऊन ही बहुतेक घरी मिळतील. घरोघर सहज न मिळणारी एकच वस्तू यासाठी लागते, ती म्हणजे नीट पाहणारी दृष्टी. कोंबडीला बोलता येत नाही. फिका तुरा, विस्कटलेली पिसे आणि खुराड्याबाहेर घालवलेली रात्र हीच तिची भाषा. जिच्या अंड्यांवर आपण वाढतो, तिची ही भाषा शिकून घेणे हे आपले कर्तव्यच नाही काय?

स्वाध्याय

१. कोंबडीची पिसे गळू लागल्यावर घरातील माणसे कोणकोणते चुकीचे उपाय करतात?
२. पिसे टाकण्याच्या काळात कोंबडीची अंडी का थांबतात?
३. ऊ आणि तांबडा कोळी यांच्या राहण्याच्या रीतीत कोणता फरक आहे? त्यामुळे उपायांत काय फरक पडतो?
४. 'वास्तविक ती आपल्या परीने तक्रार सांगत असते,' असे लेखक कशावरून म्हणतो?
५. पुढील शब्द वाक्यांत योजा : तिन्हीसांज, मलूल, तग धरणे, हात झटकणे, आळा बसणे.
६. उपक्रम : तुमच्या अथवा शेजाऱ्यांच्या खुराड्यातील दांडीवरून घरातील मोठ्या माणसांसमवेत रात्री पांढरा कागद फिरवा. जे दिसेल ते वहीत आठ-दहा ओळींत लिहा.